पोलादपूरला दहा मिनिटं

प्राणिसंग्रहालय कर्मचारी वसाहत, खोली ७
३ मार्च १९९८

ती. ताईस,
सहदेवचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. वाघाला आंघोळ कोण घालतं, असं तुझ्या शाळेतल्या बाई विचारतात ना? त्यांना सांग, वाघ स्वतःचं स्वतः बघतो, माझंच राहून जातं.

आता खरी बातमी. माझी जुई चालली. आमच्याकडचे सगळे वाघ एकाच जोडीचे, म्हणजे आपसांत भाऊबहीणच. त्यांची पिल्लं तिरळी नाहीतर वाकड्या पायांची निपजतात. गेल्या वर्षी तीन झाली, तिन्ही गेली. म्हणून दिल्लीहून वंशावळ तपासून हुकूम आलाय की जुईला कर्नाटकातल्या एका प्राणिसंग्रहालयात पाठवा, तिथला नर वेगळ्या रक्ताचा आहे. आईने टाकलेलं पिल्लू मी बाटलीने वाढवलं, आणि आता सगळ्यांचा डोळा तिच्याच पोटाकडे.

महिनाभर तिला प्रवासाच्या पेटीतच जेवू घालतोय, म्हणजे पेटीची भीती मोडेल. आता दार उघडलं की आपणहून आत जाते आणि माझ्याकडे बघून नाकाने फुर्र करते. वाघाची खुशी ती. माझ्याशिवाय कुणाला करत नाही. विश्वासाने येते आणि मी तिला फसवतोय, असं रोज वाटतं.

ट्रक महाडच्या जुल्फिकारभाईंचा ठरलाय. वीस तारखेला चवदार तळ्यावर माणूस मावणार नाही, गाडी महाडातून निघायची कशी? म्हणून साहेबांना सांगून अठरा घेतली. सकाळी आठला पोलादपूरला घराजवळ दहा मिनिटं थांबू. पोरगा वाघाची घाण काढतो, हे आई नऊ वर्षं ऐकतेय. एकदा तिला बघू दे. फक्त गर्दी, ताशा, फटाके काही नको. आदल्या दिवसापासून उपाशी असेल बिचारी, चिडेल.

हे काम नीट झालं तर एप्रिलात मी कायम होईन, साहेबांनी शब्द दिलाय. आईला जयभीम. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
सहदेव

पोलादपूर
१८ मार्च १९९८, दुपार

चि. सहदेव यास,
ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुमचा ट्रक कशेडी घाटाकडे गेल्यापासून आई एका जागी बसलेली नाही. म्हणून शाळेला दांडी मारून लिहायला बसले. गर्दी नको म्हणाला होतास, पण साठ माणसं आली, हे तू पाहिलंसच. पण एकाने आवाज केला का? वंदनेला उभी राहावी तशी उभी होती. तुला वाघाचा झाडूवाला म्हणणारा तो कोंडाजी, त्याने चक्क चप्पल काढली! आई त्याच्याकडे अशी बघत होती की मलाच हसू आवरेना.

आता एक गंमत, रागावू नकोस. तू आणि तुमचे जनावरांचे डॉक्टर जुल्फिकारभाईंबरोबर मागचं चाक बघायला गेलात ना, तेव्हाची. "उपाशी असेल बिचारी" हे तुझं वाक्य मी वाचून दाखवलं, तेव्हापासून आईच्या जिवाला चैन नव्हतं. वाघिणीला गाडी लागत असेल, म्हणून उपाशी ठेवत असतील, असं मी म्हटलं. पण आपल्या दारावरून कुणी रिकाम्या पोटी गेलेलं तिला कधी चाललंय? काल दोन किलो मटण आणलं, सकाळपर्यंत टिकावं म्हणून हळदमीठ चोळून ठेवलं. मी ताडपत्रीचा कोपरा उचलून धरला आणि आईने खालच्या फटीतून एकेक तुकडा आत सरकवला. शेवटच्या तुकड्यापर्यंत हात मागे घेतला नाही.

जुईने सगळं खाल्लं आणि आईकडे बघून फुर्र केलं. फक्त तुलाच करते म्हणे! दिवसभर आई ज्याला त्याला तो आवाज काढून दाखवतेय.

पोचल्याचं कळव. पत्रात काटकसर नको.

तुझी ताई,
शर्मिला

रत्नागिरी
१९ मार्च १९९८

ती. ताईस,
सहदेवचा जयभीम.

जुई मेली.

हातखंब्याच्या पुढे खड्ड्यात आदळून पेटीच्या दाराची पट्टी सुटली. भर रस्त्यावर दार उघडलं असतं. डॉक्टर म्हणाले, गुंगीचं इंजेक्शन देऊन पट्टी बसवू. पोट रिकामं आहे ना, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. तसा कागद मी सही करून दिलाच होता. गुंगीत जनावराला उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते, खोकताही येत नाही. त्यासाठीच तर उपाशी ठेवायचं. तिला उलटी झाली. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून मांस ओढून काढलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सहा मिनिटं लागली.

आज फाडली. पोटात आणखी मटण निघालं, हळद लावलेलं. डॉक्टर म्हणाले, हळद लावून वाघाला कुठल्याच प्राणिसंग्रहालयात घालत नाहीत, हे माणसाच्या घरातलं आहे. संशय जुल्फिकारभाईंच्या जेवणाच्या डब्यावर गेलाय, ट्रक अडकवून ठेवलाय. माणूस कुराणाची शपथ घेतोय, कुणी ऐकत नाही. चोरीला काही जाऊ नये म्हणून संध्याकाळी पंचांसमोर तिची अठरा नखं मोजली आणि कातड्यासकट तिला जाळली.

ज्याने तिला खायला घातलं त्याचे हात झडोत. आईला एवढ्यात सांगू नकोस.

सहदेव

पोलादपूर
२४ मार्च १९९८

चि. सहदेव यास,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? माझं अठराचं पत्र तुला अजून मिळालं नसेल. मिळालं की कळेल हात कुणाचे ते. ताडपत्री मी धरली होती, हेही वाच.

तुझं पत्र मी शाळेत वाचलं आणि घरी येताना डोळे पुसून आले. आईला जुई पोचली असं सांगितलंय. पेपरात चार ओळी आल्यात, वाचून दाखवताना तेवढ्या गाळल्या. आई रोज विचारते, पिल्लं किती महिन्यांनी होतात. मी साडेतीन सांगितलं, आता ती बोटांवर मोजते.

मी येऊन साहेबांना खरं सांगू का? तू म्हणशील त्या दिवशी निघते.

शर्मिला

खोली ७
२९ मार्च १९९८

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदमच हातात पडली. आधी अठराचं उघडलं.

तू येऊ नकोस. जनावर उपाशी का ठेवतात, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. तुम्हाला मात्र नुसतं बिचारी लिहून मोकळा झालो. चूक तिथेच झाली. दहा एप्रिलला माझा जबाब आहे. माझ्या डब्यातलं मटण मीच घातलं असं सांगणार, म्हणजे जुल्फिकारभाईंचा ट्रक सुटेल. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. कुडपणला मामाच्या शेतावर राबेन.

ते हात झडण्याचं वाक्य मी माघारी घेतो. ते पत्र जाळून टाक, ताई, आईला दिसता कामा नये. कधी विचारलंच तर पिल्लं झाली म्हण.

सहदेव

महाड
५ एप्रिल १९९८

सहदेवा, माझ्या लेकरा,
आईचा जयभीम.

हे पत्र जुल्फिकारची परवीन लिवते हाय. मी बोलेन तसंच लिव असं तिला सांगितलंय. ती परवा आपल्या घरी आली, शर्मिला शाळेत व्हती. माझ्या नवऱ्याच्या डब्यात सुकट व्हती, मीच बांधली व्हती, पण खाल्लेल्या डब्याचा पुरावा कुठून आणू, असं बोलून रडली. मटणाचं बोलली, हळदीचं बोलली. मग मला समदं कळलं.

शर्मिलाला रागं भरू नको. पेपर वाचताना पोरीचा आवाज एका जागी अडकला व्हता. मी अडाणी हाय, बहिरी नाय. तिच्या पेटीतली तुझी पत्रं काढून परवीनकडून वाचून घेतली. हात झडोत बोललास ते पण. माघारी कशाला घेतोस? ज्याने घातलं त्याला बोललास, बरोबर बोललास.

तू सात वर्षांचा असताना टायफाईड झाला व्हता. एकवीस दिवस अन्न देऊ नको असं डॉक्टर बोलला. तू भाताच्या एका शितासाठी पाय धरून रडायचास, पण मी दिलं नाय. कारण सांगितलं की मी उपाशी ठेवू शकते, बाळा. मला कुणी कारण सांगितलं नाय. तिने माझ्याकडं बघून फुर्र केलं, मला वाटलं पोर सुखाने चालली. आता भाकरी मोडली की तोच आवाज येतो. घास उतरत नाय.

तू खोटं बोलू नको. माझ्यापायी तर अजिबात नको. जुल्फिकारचा ट्रक सोडवायचा तो खरं बोलूनच. दहा तारखेला हे पत्र साहेबासमोर ठेव. मटण घातलं ती येसूबाई गोमाजी, राहणार पोलादपूर. पोराला ठावं नव्हतं, डायवरला ठावं नव्हतं. काय शिक्षा असंल ती मला. बोलवाल तेव्हा येते.

परवीन शाई देते बोलली, मी नको बोलले. घरून पुडीत हळद आणलीय, मटणाला लावली त्याच डब्यातली. डॉक्टरला वळखू येईल. पाणी लावून खाली अंगठा उठवलाय, त्याच हाताचा.

तुझी आई