मॅग्नेटोचं चाक

बेलापूर,
१२ सप्टेंबर १९९५

प्रिय जस्टिन,

तुझं पत्र काल मिळालं. शनिवारी गाडी घेऊन येणार, पप्पांना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार, पुढे आम्हा दोघांना तिकडेच ठेवून घेणार, आणि ‘तोवर आई, त्यांच्या कलाने घे’ असं तू लिहिलं आहेस. अडतीस वर्षं मी त्यांच्याच कलाने घेते आहे. माझ्या कलाने घेणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि पोटचा मुलगा तरी भेटेल ही आशा तू एका पानात संपवलीस.

तू दिवाळीनंतर आला नाहीस, म्हणून घराची दशा ऐक. पुढच्या खोलीत पप्पांनी खोलून ठेवलेली मोटरसायकल आहे. म्हणजे सांगाडा भिंतीला, टाकी माझ्या शिलाई मशीनवर आणि इंजिन सगळ्या फरशीभर. तुझ्या आजोबांनी नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली आणि खेडोपाडी शुभवर्तमान सांगत फिरवलेली ती बीएसए. वीस वर्षं गोठ्यात कोंबड्या तिच्यावर बसत होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला एक पुढची खोली लागते. तिथे बसून तिला जाणाऱ्या-येणाऱ्यांना नावं ठेवता येतात. मी मात्र माझ्याच घरात मागच्या दाराने ये-जा करते. छबूबाई भांडी घासता घासता म्हणते, “बाई, तुमच्यापरीस आमच्या म्हशीला जागा लई हाय.” मी तिला तेच पातेलं पुन्हा घासायला लावते.

पण पप्पांचं काम बघण्यासारखं होतं, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. माझी एक पांढरी चादर अंथरून इंजिन जसं उघडलं त्याच क्रमाने त्यांनी एकेक भाग मांडला होता. प्रत्येक भागाभोवती पेन्सिलीने रेघ. पिस्टनची, व्हॉल्व्हची, प्रत्येक स्क्रूची. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं ते असंच काम करत आले आणि एकही वॉशर हरवला नाही, हे त्यांनी मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवलं असेल.

एप्रिलमध्ये नगरला डोळे तपासून आलो, ते तुला कळवलं नाही. त्यांनीच कळवू दिलं नाही. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्याला समोरचं दिसतं, बाजूचं नाही. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. परत येताना एसटीत मी विषय काढला, तर सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “रस्ता समोरच असतो की! बाजूला बघायला मी काय वरातीत चाललोय?” लोक हसले. नाताळच्या आधी इंजिन चालू करायचं आणि राजूरला आजोबांच्या कबरीवर जायचं, हे ठरलेलंच होतं. डिसेंबरात त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे ना दिवा ना कंदील. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. ते शांतपणे व्हॉल्व्ह घासत बसले.

जूनमध्ये चादरीवरचं एक चाक दिसेनासं झालं. मॅग्नेटोला फिरवणारं, पेढ्याच्या आकाराचं, दाते असलेलं. ते नसेल तर ठिणगी नाही, आणि या जुन्या गाडीचं चाक बाजारात मिळत नाही. त्यांनी घर उलटं केलं. मग श्रीरामपूरच्या लेथवाल्या सहादेवला बोलले. तो त्या दिवशी येऊन गेला होता. सहादेवने हात जोडले, “काका, मी तुमच्या हाताखाली शिकलो, तुमचंच चोरीन व्हय?” आणि पुन्हा आला नाही.

त्यानंतर जे झालं, ते तुला फोनवरून समजलं, पण मी पाहिलं. रोज सकाळी ते चादरीपाशी बसून भाग मोजायचे आणि त्या रिकाम्या रेघेवर बोट ठेवायचे. मग गॅस बंद केला का, असं मला विचारू लागले. दार लावलं का. आज वार कोणता. चर्चच्या वर्गणीचं काम त्यांनी आपणहून सोडलं. गेल्या रविवारी घराच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, “तूच ठेव. माझं आता काय खरं न्हाई.” जस्टिन, या माणसाने माझ्याशी भांडताना कधी आवाज खाली केला नव्हता.

त्यांना काहीही झालेलं नाही. चाक मी घेतलं. ते आंघोळीला गेले होते. ते चाक मी तपकिरी लोकरीच्या गोळ्यात गुंडाळलं आणि तीन महिने तो गोळा मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसले. ते पलंगाखाली शोधत होते आणि मी त्यांना ‘नीट बघा’ म्हणत होते. शाळेत ज्या नन्सनी मला खोटं बोलल्याबद्दल गुडघ्यांवर उभं केलं, त्यांनीही या वयात माझ्याकडून एवढ्या तयारीची अपेक्षा केली नसती. आता परत ठेवावं, तर जिथे सापडेल ती जागा त्यांनी वीस वेळा पाहिलेली असेल. म्हणजे डोकं गेल्याचा आणखी एक पुरावा. न ठेवावं, तर तू शनिवारी येतोस. आणि खरं सांगितलं, तर ते गाडी जोडून निघतील. तीन महिने मी याच तीन भिंतींवर डोकं आपटते आहे. त्यांच्या तोंडावर सांगायला रोज सकाळी तोंड उघडते आणि ‘चहा घेता का’ एवढंच बाहेर येतं.

म्हणून हे आंतरदेशीय. तुला ठाऊक आहे, माझं लिहून झालं की खाली चार बोटं जागा मी त्यांच्यासाठी सोडते, आणि आधीचं सगळं वाचल्याशिवाय ते एक अक्षर लिहीत नाहीत. आजही सोडली आहे. लोकरीचा गोळाही त्यांच्यासाठी पत्राशेजारी ठेवणार आहे. मग ते मला घराबाहेर काढोत, नाहीतर राजूरला निघोत; निघाले तर मागे मी बसेन आणि बाजूचं मी बघेन. पत्र चिकटवून पेटीत टाकायला नेहमी तेच जातात. तेव्हा हे तुझ्या हातात पडलं, तर त्यांना कळलं आहे असं समज आणि शनिवारी डॉक्टरांकडे नेण्यासाठी येऊ नकोस. पडलं नाही, तर मात्र लवकर ये.

तुझी खोटारडी, पण तुझीच,
आई