मुंबईचं कॉलेज ठाण्याला येणार

सोमवार, ९ जुलै १८९४

नऊ–शून्य.

शनिवारी आमच्या शाळेची पोरं मुंबईला जाऊन नऊ गोल खाऊन आली. हेडमास्तर परशुराम मास्तर आज सांगत होते. सामना संपल्यावर कॉलेजची मुलं तंबूत चहाला गेली आणि आमची अकरा जणं नळावर पाय धुऊन स्टेशनकडे चालू लागली. चहाचं कोणी विचारलंही नाही.

तीन वर्षं हेच. दर पावसाळ्यात आम्ही जायचं. दर वेळी ‘पुढच्या खेपेला आम्ही ठाण्याला येऊ’ म्हणायचं, आणि यायचं नाही. एकाच बाजूने चालणाऱ्या पाहुणचाराला माझी आई भीक म्हणायची.

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण त्या अकरांतल्या नऊ जणांना मुळाक्षरं मी शिकवली आहेत. एकतीस वर्षं बालवर्ग सांभाळून निवृत्त झाले म्हणजे काही तोंड शिवून घेतलं नाही.

शनिवार, १४ जुलै

शाळांची देखरेख करणारे फादर आज मुंबईहून आले. नाताळानंतर मॅट्रिकचा वर्ग बंद म्हणे. ज्यांना जमेल त्यांनी मुंबईला बोर्डिंगात जावं. आणि न जमेल त्यांनी? ते फादरांच्या यादीत नव्हतं.

मास्तरांना म्हणाले, “तुमच्या शाळेचं नाव ठाणे स्टेशनाच्या पलीकडे कोणाला ठाऊक आहे?”

मास्तर म्हणजे साताऱ्याकडचा सज्जन माणूस, वरिष्ठांपुढे नुसता पगडी सावरतो. मी उगाच बसले होते, मी बोलले. “फादर, ते मोठं कॉलेज आमच्या मैदानावर खेळायला आलं तर?”

हसले. “मिस कुटिन्हो, ते कोणाकडेच जात नाहीत. तुमच्याकडे आले तर मी स्वतः बघायला येईन. मग वर्गाचा पुन्हा विचार करू.”

मी टेबलावरचा कागद पुढे केला. म्हटलं, एवढं लिहून द्या. पाद्र्याचा शब्द आणि खाडीचा वारा, दोन्ही फिरतात. दिलं लिहून! तोंड आंबट करून, पण दिलं.

बुधवार, १८ जुलै

कॉलेजच्या सेक्रेटरीला पत्र टाकलं. सही मास्तरांची, इंग्रजी माझं. नन्सनी छड्या मारून शिकवलेलं इंग्रजी कधीतरी कामी यावं.

गुरुवार, २६ जुलै

उत्तर नाही. दुसरं पत्र.

शनिवार, ४ ऑगस्ट

उत्तर नाही. तिसरं पत्र. यात नम्रता कमी ठेवली. लिहिलं, ‘आपण तीन वेळा दिलेल्या वचनाची आठवण आम्ही देत आहोत. आपल्या कॉलेजात वचनाला काय म्हणतात ते कळवावे.’ मास्तर सही करताना म्हणाले, “बाई, ह्यानं माझी नोकरी जाईल.” म्हटलं, मॅट्रिकचा वर्ग गेला तर तशीही अर्धी जाणारच.

तारीख मीच सुचवली. शनिवार, १ सप्टेंबर. आमच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, मिळालेलं कॅलेंडर पाहिलं. सण नाही, उपास नाही, शनिवारची अर्धी सुट्टी. याहून चांगला दिवस कुठला?

शनिवार, ११ ऑगस्ट

येणार! मुंबईचं कॉलेज ठाण्याला येणार. एक तारखेला, दुपारच्या गाडीने. सामना चारला, परतीची गाडी सव्वासहाला. पत्र तीनदा वाचलं.

अटी आहेत. टिफिन आम्ही द्यायचा. गोलचे खांब मापाचे हवेत. खेळणारे सगळे शाळेच्या पटावरचे हवेत, आणि त्यांत हातकाम करून मजुरी घेणारा कोणी नसावा. विलायतेत सभ्य खेळाडूंचा असा नियम असतो म्हणे.

मास्तर ते वाक्य वाचून बसलेच. “बाई, भिवा?”

भिवा कोपरीचा. एकोणीस वर्षांचा झाला तरी मॅट्रिकला पोचतोय, कारण दिवाळी सरली की मिठागरावर जातो आणि थेट पावसाला शाळेत उगवतो. मुंबईत नऊ गोल झाले, ते हा मागे उभा होता म्हणून नऊच.

मास्तर म्हणाले, “कोणाला कळणार आहे?”

मी म्हटलं, त्याचे पाय बघितले की कळणार. मिठाने चिरलेले. नियम म्हणजे नियम. आलेलं माणूस एवढ्यावरून परत गेलं तर वर्ग गेला. मॅट्रिकच्या सहा पोरांचा प्रश्न आहे.

त्या सहांत भिवाही आहे, हे मास्तर बोलले नाहीत. मीही नाही.

सोमवार, १३ ऑगस्ट

मास्तरांच्याने होईना, म्हणून भिवाला मीच सांगितलं. दारात उभा होता, आत ये म्हटलं तरी आला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं.”

एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

बुधवार, १५ ऑगस्ट

भिवाची आई सगुणा दारावर मीठ विकायला येते. आज टोपली खाली ठेवलीच नाही.

“बाय, आमच्या हातचा मीठ तुमच्या कालवनात चालतो. बॉलला आमचा पाय नाय चालत?”

म्हटलं, सगुणे, नियम मी नाही केला.

“तुमी नाय केला. तुमी फकस्त वाचून दावला.” आणि गेली. तीन दारं पुढे जाऊन ओरडली, “मीऽठ!” अशी, की माझ्या खिडकीची काच वाजली.

वाण्याकडून मीठ आणवलं. खडे काळे, आणि निम्मी माती.

शुक्रवार, २४ ऑगस्ट

टिफिनने जीव खाल्ला. अकरा पाहुणे, त्यांचे एक प्रोफेसर, आणि फादर. त्यांत पारशी किती, ब्राह्मण किती, साहेब किती, काही कळवलेलं नाही. ब्राह्मण मुलं माझ्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाहीत, म्हणून त्यांची सोय मास्तरांच्या बायकोकडे. पारशांना अंडी. साहेबांना सँडविच. देव एक आणि ताटं तीन.

या गडबडीत भिवा आला. “बाय, शनवारचा जरा बोलायचा व्हता...” मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, भिवा, ठरलं ते ठरलं, आता रदबदली नको. मला पाझर फुटला तर पाच पोरांचं नुकसान होईल.

तो तसाच गेला.

सोमवार, २७ ऑगस्ट

खांब रंगवले. दोर बांधले. मैदान दृष्ट लागण्यासारखं दिसतंय. खाडीकडचा बांध हिरवागार, त्याच्या आत सपाट गवत. फादरांची खुर्ची बांधावर ठेवायची, तिथून सगळं दिसेल.

मला झोप नाही. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतं. यादी चारदा वाचली, काही राहिलेलं नाही.

गुरुवार, ३० ऑगस्ट

भिवा पुन्हा आला. मी हिशोबाने सँडविचचा पाव कापून बघत होते. खिडकीतूनच म्हटलं, “आज नाही, भिवा. रविवारी ये.”

“रविवारी येऊन काय करू, बाय?” म्हणाला.

उर्मटपणा वाटला. खिडकी लावून घेतली.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट

पाऊस उघडला. देवाची कृपा. उद्या ऊन पडणार.

शनिवार, १ सप्टेंबर

सगळं लिहिते. न लिहून सांगू कोणाला?

दीडला टिफिनच्या टोपल्या घेऊन मैदानावर गेले. मैदान नव्हतं. खाडी होती. गोलचे चार खांब गुडघाभर पाण्यात उभे, त्यांचा नवा रंग पाण्यात चकाकतोय, आणि मध्ये एक बगळा.

परवा अमावास्या झाली. श्रावणाअखेरचं उधाण. बांध खाडीच्या अंगाला खचलाय तिथून एक वाजता पाणी आत आलं, आणि आलेलं पाणी बांधाच्या आत अडकून राहिलं. साठ वर्षांची मी, जन्म ठाण्यात गेला, आणि तारीख ठरवताना देवळाच्या कॅलेंडरात संतांची नावं बघत बसले. चंद्र बघितला नाही.

मास्तर आले. पाण्याकडे बघून बांधावर बसले. मग स्टेशनवरून पाहुणे आले, छत्री घेतलेले प्रोफेसर, पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घातलेली मुलं. मागून फादर. एक जण हसला, मग सगळेच हसायला लागले. फादर हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, “मिस कुटिन्हो, हे तुमचं मैदान?”

जमीन दुभंगावी म्हणतात. माझ्यापुढे ती पाण्याखालीच गेली होती.

बांधावरून भिवा आला. मागे त्याचा चुलता धोंडीबा, उघाडी सांभाळणारा. उघाडी म्हणजे बांधातलं दार. फळ्या एकावर एक बसवलेल्या असतात, ओहोटीला त्या काढल्या की आतलं पाणी खाडीत जातं. भिवाने माझ्याकडे बघितलंच नाही. धोंडीबा मास्तरांना म्हणाला, “आता वसरतंय. फळ्या काढतू. साडेचारला गवत दिसंल.”

मास्तर म्हणाले, “अरे, मग आधी का नाही सांगितलंत?”

धोंडीबाने पुतण्याकडे बघितलं. भिवा खाली बघून म्हणाला, “दोन येला गेलतो बायकडं. खचल्याल्या जागी हातभर माती टाकली असती तर पानी आत आलाच नसता. शाळेचा बांध हाय, इचारल्याबिगर कशी टाकायची?”

फादरांनी ते ऐकलं. मास्तरांनी ऐकलं. टोपलीतलं एक अंडं फोडून खायला सुरुवात केलेल्या पारशी मुलानेही ऐकलं, पण त्याला मराठी कळलं की नाही कोण जाणे.

मी म्हटलं, “भिवा, माझं चुकलं.” एकतीस वर्षांत हे वाक्य मी मुलांकडून हजारदा म्हणवून घेतलं. स्वतः म्हटल्याचं आठवत नाही.

“फळ्या काढू का?” एवढंच विचारलं त्याने.

पाहुण्यांनी बांधावर बसून टिफिन खाल्ला. पाणी उतरत होतं. साडेचारला गवत दिसलं, पाच वाजता घोटाभर चिखल. मी त्यांच्या कॅप्टनकडे गेले. मास्तर तेव्हा कललेला खांब सरळ करत होते. मी म्हटलं, तो उघाडीवरचा मुलगा आमच्या शाळेच्या पटावर आहे. पण मिठागरावर मजुरी करतो. त्याला खेळवलं तर तुमची हरकत आहे?

तो म्हणाला, “बाई, असल्या चिखलात उतरायला जो तयार असेल त्याला खेळवा.”

मी पदर खोचून उघाडीपर्यंत गेले. म्हटलं, भिवा, चल. तू खेळणार.

तो फळीला हात लावून उभा होता. “नाय, बाय. पानी अजून जातंय. फळ्या एकदम काढल्या तर बांध जाईल. एकेक काढाया लागते.”

“धोंडीबा काढेल.”

“तुमी जा. गाडीचा टाईम व्हतोय त्यांचा.”

मी परत आले. चाळीस मिनिटं खेळले. त्यांचे बूट रुतत होते, आमचे अनवाणी पाय निसटत होते. चार–शून्य. आमच्या मागच्या जागी उत्तम नावाचा पोरगा होता, वाण्याचा. चेंडू आला की डोळे मिटत होता. चाळीस मिनिटं मी चेंडूकडे बघितलं नाही, उघाडीकडे बघत होते.

फादर निरोप न घेता स्टेशनकडे गेले.

रविवार, २ सप्टेंबर

चर्चमधल्या मिस्सेनंतर टीममधल्या पोरांना विचारलं, तुम्हाला उधाणाचं ठाऊक नव्हतं?

“होतं की, बाई.”

“मग?”

“आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

सगळ्या ठाण्याला माहीत होतं. इंग्रजी पत्र लिहिणाऱ्या दोघांनाच नव्हतं.

मंगळवार, ४ सप्टेंबर

काहीच कळवलेलं नाही. मॅट्रिकच्या पोरांच्या तोंडाकडे बघवत नाही. एकाच्या बापाने त्याला कल्याणच्या दुकानात चिकटवायचं ठरवलंसुद्धा. माझ्या एका तारखेपायी. दिवसभर दार लावून बसले.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

फादरांचं पत्र. घाईत पाकीट वाकडं फाटलं.

वर्ग राहिला!

कॉलेजच्या प्रोफेसरांनी त्यांना लिहिलं म्हणे. असं मैदान, असा पाहुणचार आणि संकटात इतकी शिस्त मुंबईत बघितली नाही, पुढच्या वर्षीही आम्ही ठाण्याला येऊ. फक्त तारीख उघाडीवाल्याला विचारून कळवावी. फादरांनी खाली स्वतःची ओळ घातली आहे, ‘निदान पुढच्या वर्षी तरी कॅलेंडर बदला.’ सहन केलं. त्यांना एवढा हक्क आहे.

मॅट्रिकच्या सहाही मुलांची नावं पटातून लिहून पाठवा, म्हणजे वर्षाची मंजुरी देतो, असंही लिहिलंय. उद्या मावलीचा, मरियामातेच्या जन्माचा सण. सोमवारी शाळेत जाऊन यादी करते, आणि तिथून तशीच कोपरीला जाते.

सोमवार, १० सप्टेंबर

पटावर पाचच नावं. सहाव्यावर रेघ. मास्तर म्हणाले, “बाई, तुम्ही धावपळीत होतात म्हणून बोललो नाही. भिवाने नाव काढलं. वीस ऑगस्टला.”

बांधाचं सांगायला तो माझ्या दारी पहिल्यांदा आला, ती तारीख चोवीस.