हात धुण्याचे दोन तास

धामापूर, ता. मालवण
रविवार, ११ मे २०२५

प्रिय नेव्हिल,

तुला आशीर्वाद, तुझ्या बायकोला, नेमाला, आठवण आणि छोट्या ग्लिनिसला पापा. आम्ही दोघंही बरी आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण आता त्यांना काम तरी काय आहे!

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या रेघा दिसतात, म्हणजे वाचतोस, पण उत्तर देत नाहीस. म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा तरी हातात धरावा लागतो.

गावची बातमी म्हणशील तर विहीर तळाला गेली आहे. परसातल्या काजूचा मोहोर यंदा धुक्याने जळला आणि उरलेल्या बिया माकडांनी नेल्या. मायच्या थडग्यावरचा क्रूस रंगवून घेतला. रंगाऱ्याने तिचं नाव लिहिताना वेलांटी चुकवली होती, ती मी उभं राहून पुसून घेतली. बघ, दुसऱ्याच्या चुका मी अजून बरोब्बर पकडतो.

क्लेमेंटिना कुडाळच्या कारखान्यात काजू फोडायला जाते, हे तुला ठाऊक नसेल. आफ्रिकेत अकरा वर्षं सुपरवायझर, मग मॅनेजर राहून आलेल्याची बायको! लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच. मी आणलेल्या पैशातून छपराचा पत्रा झाला आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता सगळं तिच्या हातांवर चालतं, आणि ते हात टरफलाच्या तेलाने तिच्या सासूच्या हातांसारखे काळे झाले आहेत. आज चर्चमध्ये मिस्साला ख्रिस्तप्रसाद घ्यायला तिने हात पुढे केलेच नाहीत. जीभ पुढे केली. माय तेच करायची, आठवतं? आपल्याला वाटायचं, माय जास्त भाविक आहे.

टांझानियातून आलेला तुझा शेवटचा निरोप मी जपून ठेवला आहे. ‘दादा, हयल्या बायका आळशी म्हणान कोणी लिवल्यान, इतक्याच माका सांग.’ सहा वर्षं झाली. तेव्हा मी तुला लिहिलं होतं, मुंबईहून ऑडिटवाले आले होते, त्यांनी काहीतरी केलं असेल. तू त्यावर विश्वास ठेवलास की नाही ते मला माहीत नाही. तुझा राग, तुझा कारखाना बंद करणाऱ्या शेठचीच चाकरी मी पुढे का केली, याचा आहे असं मी धरून चाललो. तेवढा राग मला परवडत होता.

आता मूळ गोष्ट सांगतो. मध्येच पत्र ठेवू नकोस.

शेठचे कारखाने दोन होते. तुझा टांझानियात, माझा मोझांबिकमध्ये. पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच, महिन्याचा. शेठने मला फोन केला, ‘इनास, दोन्हीकडची मजुरी आणि कामाचे तास एका कागदावर समोरासमोर मांड. एकच कारखाना ठेवायचा आहे.’ म्हणजे मुंबईचं कोणी नव्हतं. तो कागद मी केला.

तुझ्याकडे बायका फाटकातून आत आल्या की तास सुरू व्हायचे. हाताला तेल-राख लावणं, बियांसाठी रांग, शेवटी वजनाची रांग, टरफलाचं तेल हातावरून घासून काढणं, सगळं धरून आठ तास. त्यात एका बाईचे नऊ किलो गर. माझ्याकडे मी पहिली बी फुटल्यापासून शेवटची फुटेपर्यंत मोजले. तेही आठ तास, आणि गर बारा किलो. आधीची तयारी आणि नंतरचं धुणं मिळून दोन तास होत, ते कुठेच लिहिले नाहीत. कागदावर काय दिसलं? तेवढ्याच पगारात, तेवढ्याच तासांत मोझांबिकची बाई बारा किलो देते आणि टांझानियाची नऊ. ‘आळशी’ हा शब्द मी लिहिला नव्हता रे. पण तो लिहायची गरजच उरली नव्हती.

वास्तविक दोघींचा हात सारखाच चालत होता. माझ्या बायका दोन तास फुकट देत होत्या. ते दोन तास धरून जादा कामाचे पैसे लावले असते, तर किलोमागचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा आला असता.

पहिल्यांदा खरोखरच चुकलो, हे मी पवित्र बायबलावर हात ठेवून सांगेन. मायची हजेरी अशीच लागायची ना? ‘पयली बी फुटली काय हजेरी.’ ती अंधारात निघायची, रांगेत उभी राहायची, घरी येऊन आपल्याला जेवण वाढण्याआधी परसात बसून राखेने हात घासायची. तो वेळ कामाचा असतो असं आपल्या घरात कधी कोणी म्हटलंच नाही. मीही समुद्र ओलांडून गेलो आणि तेच माप सोबत नेलं.

पण चूक एक दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी आमची मुकादम आल्बेर्तिना टेबलाशी आली. कागद तिला वाचता येत नव्हता, तिने तास विचारले. मी आठ सांगितल्यावर तिने आधी आपले हात दाखवले, मग दोन बोटं. मला समजलं, नेव्हिल. लगेच समजलं. खोडायला पेन हातातच होतं. पण शेठ म्हणाला होता, जो कारखाना राहील तिथे तू मॅनेजर. मी तिला कामावर जायला सांगितलं, खाली ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहिलं आणि सही केली.

तुझा कारखाना बंद झाला, एकशे साठ बायका घरी बसल्या. त्यांत तुझी सासू, अठरा वर्षं काजू फोडलेली. ती अजून तुझ्या हातचं पाणी घेत नाही, तुम्हा इंडियनांनी आम्हाला आळशी ठरवलं म्हणते, असं नेमाने क्लेमेंटिनाला सांगितलं. मी ते ऐकलं आणि मासे आणायला गेलो.

हे सगळं आज का लिहितोय? मला उपरती झाली असं समजू नकोस. माझ्या घरावर आलं म्हणून लिहितोय. शेठने आता कुडाळचा तो कारखाना घेतला आहे. गेल्या आठवड्यात, जुना कागद माझ्याच हातचा म्हणून, त्याचा मलाच फोन आला: ‘तुमच्या कुडाळच्या बायकांचे तासही त्याच कागदावर मोझांबिकच्या शेजारी मांडून दे.’ मी क्लेमेंटिनाला विचारलं, किती तास गं, आठच ना? तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

‘आठ? मी साडेसातांक गेटातसून आत जातंय नि साडेपाचांक भायर येतंय. हात धुवचो वेळ तुमी खंय धरलास?’

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. तिने पुन्हा विचारलं, ‘सांगा मां, तो वेळ कोणाचो?’

काल शेठला नवा कागद पाठवला. कुडाळ दहा तास, मोझांबिकही दहा, जुना आकडा चुकीचा होता, मीच चुकवला होता. शेठ फोनवर हसला. म्हणाला, ‘इनास, आता टांझानियाच्या त्या जागेत सिमेंटचं गोडाऊन आहे. जुनं कशाला उकरतोस? कुडाळचे आठ लिही, नाहीतर दुसरा कोणीतरी लिहील.’ मी लिहिणार नाही. पण दुसरा कोणीतरी नक्की लिहील, आणि क्लेमेंटिना उद्या साडेसातला गेटातून आत जाईल.

क्षमा मागत नाही. तू दिलीस तरी ती एकशे साठ जणींच्या वाट्याची नसेल. एकच मागणं आहे. जुन्या कागदाची प्रत सोबत घातली आहे. ती तुझ्या सासूसमोर ठेव आणि त्यांच्या भाषेत वाचून दाखव. म्हणावं, तुमचा हात कोणापेक्षा हळू नव्हता. हा खोटा हिशेब माझ्या सख्ख्या भावाने केला, मी नाही. मग तरी ती तुझ्या हातचं पाणी घेईल.

त्या प्रतीवर जुन्या सहीच्या खाली आज पुन्हा सही केली आहे. तीच इथेही करतो.

तपासले. चूक आहे. माहीत असून केली.

इनास