घायपाताचा दांडा

मंगळवार, १२ मे. उम्म अल कुवैन.

आज सुधीरने करवत मागितली आणि मी नाही म्हणाले. नवऱ्याला, तेही क्लायंटसमोर.

खलिफा सिटीतल्या व्हिलांसाठी झाडं नेणाऱ्या जोशी मॅडम दिवेलागणीला आमच्या नर्सरीत आल्या होत्या. घायपाताच्या उंच दांड्यावर एक वटवाघूळ फुलांत तोंड खुपसून मध पीत होतं. त्याने तोंड वर काढलं तर नाक पिवळंधमक, परागांनी माखलेलं. मॅडम किंचाळल्या, “शी, अशुभ! हे दांडे कापा, नाहीतर ऑर्डर कॅन्सल.”

सुधीर लगेच, “यल्ला, आत्ता कापतो. खलास.”

का कापायचे? दर वर्षी दांडा वर आला की आम्ही छाटतो, झाड वाचेल म्हणून. वाचतं का? मरतंच. घायपात आयुष्यात एकदाच फुलतं, तेवढंही आम्हाला बघवत नाही. आणि फुलूच दिलं नाही तर बी कुठून येणार? आमची सगळी रोपं फुटव्यांची, एकसारखी. एक रोग आला की सगळी आडवी. ते पिवळं नाक आमचंच काम करतंय, फुकटात.

सगळं बोलले. सुधीर म्हणाला, “वटवाघळासाठी गिऱ्हाईक घालवतेस?”

हो, घालवते. मागची अख्खी रांग यंदा फुलणार. मॅडम तणतणत गेल्या. करवत माझ्या गाडीच्या डिकीत आहे आणि किल्ली माझ्याकडे.

रागारागात सुधीरने नर्सरीतले सगळे दिवे मालवले. बरंच केलं. अंधार झाला तशी आणखी दोन आली.