नलूची केळ उन्हात

१२ सप्टेंबर १९६५, रविवार
रात्रपाळी करून आलो, झोपलो नाही. नलूची केळ व्हरांड्यातून बाहेर काढली. ब्लॅकआउटसाठी काचांना काळा कागद लावल्यापासून बिचारीला उजेड नव्हता. शेवटचं पान तर पांढुरकं निघालं. ती लावलेला ड्रम गोल फिरवत एकट्याने परसात नेला, केळ मुळांच्या मातीसकट काढून जमिनीत लावली. खड्डा चारी बाजूंनी सारखा. शेळ्या येऊ नयेत म्हणून फळ्यांचं कुंपण.
सौ. म्हणाली, "अहो, आज आभाळ उघडलंय. ऊन कडक आहे, थोडी सावली तरी..."
म्हटलं, "केळ आहे ती, लाजाळू नाही."
नलू पायरीवर बसून बघत होती. मनोहरची पलटण हलली तेव्हा ती सासरहून, मझौलीहून, आमच्याकडे आली. एका हातात ट्रंक, दुसऱ्यात हा मुनवा, केळीचा कोंब. सासूने दिलेला. केळीत बृहस्पतीचा वास, म्हणून जावई परत येईपर्यंत दर गुरुवारी तिची पूजा करायची. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण पोर जेवते तेवढ्या आधारावर, म्हणून गप्प.

१४ सप्टें., मंगळवार
पानं भाजली. काल शिरेच्या दोन्ही बाजूंना फिके पट्टे होते, आज तपकिरी, हात लावला की कुरकुरतात. दोन मोठी पानं देठाशी मोडून लोंबतायत.
नलू : "बाबा, मरून राहिली का ती?"
"मरत नाही."
संध्याकाळी तिने ताट तसंच सारलं.
तापलेला तुकडा भट्टीतून काढला की राखेत पुरून ठेवा, हळूहळू निवू द्या, घाई केलीत तर तडकेल. हे टूलरूममध्ये आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मीच सांगतो. वीस वर्षं सांगतोय. अंधारातून एकदम उन्हात.
सौ.ने ते झाकून ठेवलं. मला काही बोलली असती तर बरं.

१५ सप्टें.
चार बांबू, वर गोणपाट. सकाळचं कोवळं ऊन लागलं की पुन्हा ओढून घ्यायचं. रोज थोडं जास्त उघडायचं. करपलेला भाग तेवढाच कापला, हिरवं ठेवलं. जेवढं हिरवं तेवढंच तिचं पोट भरणार.
कारखान्यात कसं कळलं कोण जाणे. जेवणाच्या सुट्टीत रामदीन : "दादा, पेड़ को भी ओवरटाइम पे लगा दो, सँभल जायेगा." सगळे हसले. मीही. उशिरा.

१६ सप्टें., गुरुवार
नलूचा उपास, अळणी. पिवळं लुगडं. केळीच्या बुडाशी हळदीचं पाणी, हरभऱ्याची डाळ, गूळ. शेजारची तिवारी भाभी कथा सांगायला. तिच्यामागे गल्लीतल्या आणखी बायका, प्रत्येकीच्या हातात तांब्या. गल्लीत केळ एकच, आणि प्रत्येकीचं कोणी ना कोणी तिकडे.
तिवारी भाभी मला : "भैयाजी, बृहस्पति महाराज को ही धूप में खड़ा कर दिया आपने!"
बायका हसल्या. नलू नाही.
मनोहरचं कार्ड नाही.

१९ सप्टें., रविवार
पानं आणखी भाजली नाहीत. माझं गोणपाट बरोबर आहे. पण मधला पोंगा, नव्या पानाची मिटलेली गुंडाळी, हलायला तयार नाही. बुंध्यावर सुतळी बांधून खूण केली होती, तिच्यावर केसभरही नाही. रंग मेणचट.
वाकलो तर वास. आंबलेला. चमच्याने माती बाजूला केली. डाळ फुगून कुजलेली, पांढरी बुरशी, गुळाला मुंग्या. खाली चिखल. आपली इथली काळी चिकट माती, पाणी जातंय कुठे? ड्रममध्ये असताना नलूचा एकटीचा तांब्या होता, बुडाला भोकंही होती. आता साऱ्या गल्लीचं पाणी. भाजली माझ्यामुळे, आता कुजतेय पूजेमुळे.
जेवताना सांगितलं, मुळाशी पाणी बंद.
नलू : "सासूबाईंनी सांगितलंय, हे येईपर्यंत एक गुरुवार चुकायचा नाही."
"आणि केळच मेली तर पूजा कशाची करशील?"
तोंडातून गेलं. नलू उठून गेली.
सौ. : "काहून बोललात असं? तिला काय ऐकू आलं, कळतंय का तुम्हाला?"
कळतंय.

२१ सप्टें.
कामात लक्ष नाही. एक माप पुन्हा घ्यावं लागलं. माझ्यावर अशी वेळ येत नाही.
पूजा थांबवली तर पोर खाणार नाही. चालू ठेवली तर केळ जाणार, मग तर

२२ सप्टें., बुधवार
सुचलं. कुजकं सगळं काढलं, कोरडी माती आणि राख भरली, बुंध्याशी उंचवटा केला. त्याच्या पुढच्या अंगाला, बायका पाणी ओततात तिथे, वाळूखाली जुनी नळीची कौलं एकापुढे एक बसवली. उतार भिंतीकडे. पाणी पडेल, दिसेल, आणि मुळाला न लागता निघून जाईल. स्पिरिट लेव्हल लावून उतार घेतला, चूक नाही. वर पानं पसरली.
दोघी देवळात गेल्या होत्या. कोणाला सांगितलं नाही.

२३ सप्टें., गुरुवार
सकाळी रेडिओवर, लढाई थांबली. गल्लीत पेढे. तिवारी भाभी रडत होती आणि रडत रडत सगळ्यांना ओरडत होती, "अरे हँसो!"
पूजा झाली. तांब्यामागून तांब्या पाणी गेलं, जसं जायला हवं तसं. उतार पाहून समाधान वाटलं. मग नलूचे मिटलेले डोळे पाहिले आणि ते समाधान कुठे ठेवावं कळेना.
ती सौ.ला : "लढाई थांबली ना आई? मग कार्ड काहून येत नाही?"

२७ सप्टें.
पोंगा सुतळीच्या वर. करंगळीच्या पेराएवढा. दोनदा पाहून खात्री केली. नलूला दाखवला. "हो," म्हणाली. बस, एवढंच.
ओव्हरटाइम अजून चालूच. कागद काढायचा की नाही, कोणी सांगत नाही. सौ.ने एका काचेवरच्या कागदाचा कोपरा फाडला आहे. मी पाहिलं नाही असं धरून चालतो.

३० सप्टें., गुरुवार
गल्लीतल्या एकीचा भाऊ घरी आला. दंडाला पट्टी, पण आला. तिने केळीपुढे लोटांगण घातलं आणि पाच तांबे ओतले. पाणी भिंतीखालून सरळ तिवारींच्या अंगणात.
भाभी भिंतीवरून : "भैयाजी, आपके यहाँ से तो पीली गंगा बह रही है! मेरे पापड़ गये!"
बायका पापडांकडे धावल्या. नलू धावली नाही. तिने भिंतीकडे पाहिलं, केळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
संध्याकाळी गोणपाट ओढायला गेलो, ती तिथेच. मी सुरुवात केली, "हे बघ नलू, शास्त्र असं आहे की..."
"मला मागच्याच गुरुवारी कळलं बाबा. एवढं पाणी ओतलं आणि बुंध्याजवळ राख कोरडी."
"मग बोलली काहून नाही?"
"काय बोलू? तुम्ही रात्रपाळीहून येऊन आधी हिच्याजवळ येता. आई चहा घेऊन उभी राहते." मग गोणपाटाचं टोक माझ्या हातात देत, "पाणी पोचलं की नाही ते देव बघेल. केळ जगायला पाहिजे."
बांबूची गाठ सैल नव्हती, तरी पुन्हा बांधली.

४ ऑक्टो., सोमवार
पलटणीकडे पत्र टाकून बरेच दिवस झाले. उत्तर नाही. आज मदन महल स्टेशनला फौजी गाडी थांबणार असं कारखान्यात कोणी म्हणालं, पाळी सोडून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा सोडली. तोंडं पाहत डब्याडब्यापाशी फिरलो. एका जवानाने विचारलं, "किसको ढूँढ़ रहे हो, बाबूजी?" नाव सांगितलं. "कौन-सी यूनिट?" तेही सांगितलं. "वो लोग अभी उधर ही हैं," म्हणाला. पण गाडी सुटत होती आणि तो ते नक्की माहीत असून म्हणाला की माझं तोंड पाहून, ठरवता येत नाही.
घरी सांगितलं नाही. नंतर सांगितलं. "उधर ही हैं" एवढंच. नलूने पोळी घेतली, दुसरी मागितली.

७ ऑक्टो., गुरुवार
गोणपाट आज दिवसभर काढून ठेवलं. दुपारच्या उन्हाला पानं झुकली, भाजली नाहीत. पोंगा हातभर वर, घट्ट मिटलेला. रंग हिरवा, टोक मात्र जरा तपकिरी. आतलं पान कसं आहे ते उलगडल्याशिवाय कळणार नाही. सोलून बघायचा मोह झाला. हात मागे घेतला.
बायका गेल्यावर नलू तांब्या भरून आली. "बाबा, आज मुळाशी घालू का? खरंखुरं?"
माती बोटाने तपासली. आतपर्यंत कोरडी. पाणी हवंच होतं.
"घाल. अर्धा तांब्या. डाळ नको."
तिने अर्धा मोजून घातला. उरलेला माझ्यापुढे धरला.
"मी नाही असलं काही करत," म्हटलं.
"माहीत आहे."
तांब्या धरूनच होती. शेवटी घेतला. कुठून ओतायचं, काय म्हणायचं, मला कोणी शिकवलेलं नाही. मी नुसतं त्याचं नाव घेतलं, मनोहर, आणि हळूहळू, बुंध्याला लागणार नाही असं, कडेकडेने ओतलं. मातीने लगेच पिऊन टाकलं.
नलू पोंग्याकडे पाहत होती. मीही.