लाइन मोकळी आहे

शनिवार, ८ फेब्रुवारी
वसतिगृह

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. पत्र हातात पडताच तुम्ही आधी लाल पेन शोधाल, हे मला ठाऊक आहे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, सवय जाणार कशी? खुशाल खुणा करा, पण शेवटपर्यंत वाचा.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "बरी आहेस ना? ठेवतो, लाइन मोकळी ठेवायला हवी" यापुढे जाऊच देत नाही.

मी बरी आहे. खोलीतली मैत्रीण घोरते, पण स्वभावाने गोड आहे. एम.ए.च्या या वर्षाला माहिती साक्षरता हा विषय आहे. आत्याला वाटतं, मुळात साक्षर असलेल्या मुलीने हे पुन्हा कशाला शिकायचं! तिला सांगा, माहिती समोर आली की ती कोणी दिली, कधी दिली, कशावरून दिली, हे विचारायला इथे शिकवतात. म्हणजे तुम्ही जेवताना पेपर वाचून करायचात तेच. "हा बातमी लिहिणारा तिथे होता का? याने डोळ्यांनी पाहिलं का?" आई वैतागून म्हणायची, आधी जेवा, मग उलटतपासणी घ्या.

मंगळवारी मॅडमनी मोबाइलवर फिरणारे संदेश छापून आणले. प्रत्येक गटाला एक. खरा की खोटा, जुना की ताजा, ते ठरवायचं आणि मूळ शोधायचं. आमच्या गटात एक मुलगा आहे, सारखा वाद घालतो म्हणून त्याला सगळे वकील म्हणतात. कागद त्याच्याकडे आला. फोटो इतक्या हातांतून गेलेला की चेहरा पुसट झाला होता. तरी मला ओळखू आला. आईचा निळा स्वेटर, मान जराशी कललेली. 'घरातून निघून गेल्या आहेत. स्वतःचं नाव सांगता येत नाही. दिसल्यास कळवा.' खाली तुमचा नंबर.

मी कागद ओढून घ्यायच्या आत वकील म्हणाला, मूळ शोधायचं तर थेट मुळालाच विचारू, आणि त्याने स्पीकरवर फोन लावलासुद्धा. तुम्ही लगेच उचललात. तो म्हणाला, तुमच्या त्या संदेशाबद्दल बोलायचं होतं. पुढचं तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत.

"कुठे दिसली? तिच्याजवळ थांबा हं. हात नका धरू, घाबरते ती. मी निघालोच."

वकिलाने घाबरून फोन कापला. मॅडम हळूच म्हणाल्या, तारीख जुनी आहे, शेरा लिहून टाका. गटात माझं अक्षर चांगलं, म्हणून पेन माझ्या हातात आलं. 'जुना संदेश. पुढे पाठवू नये.' हे मी लिहिलं, बाबा.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. तुम्ही आईच्या चपला पिशवीत घालून स्टँडवर गेलात आणि ताप घेऊन परत आलात, म्हणून रडत होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, या हृदयाला आता दगदग सोसणार नाही. तरी काल तुम्ही पुन्हा बॅग भरलीत.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्ही तुमच्या नियमानेच वागताय. जे स्वतः पाहिलं नाही ते मानायचं नाही. हॉस्पिटलमध्ये ओळख पटवायला बोलावलं, तेव्हा तुम्ही त्या खोलीच्या दाराशीच थांबलात. आत मी गेले. बाहेर येऊन मी नुसती मान हलवली आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. शेवटचा निरोप देतानाही तुम्ही चेहऱ्यावरचं कापड बाजूला करू दिलं नाहीत. घरी आल्यावर आत्याला म्हणालात, पोर घाबरली होती, चुकली असेल. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं.

मी चुकले नव्हते, बाबा.

स्वेटरच्या कोपराला तिनेच केलेलं रफू होतं, जरा वेगळ्या निळ्या लोकरीचं, कारण तुम्ही भलतीच लोकर आणली होती आणि ती दिवसभर तुम्हाला हसत होती. डाव्या अंगठ्यावर शिलाई मशीनच्या सुईची खूण होती. मी तिचे ओले केस मागे सारून कानामागचा तीळ पाहिला. चेहरा शांत होता, झोपल्यासारखा होता, असं लोक अशा वेळी सांगतात. मी सांगणार नाही. तो खूप थकलेला होता. मी तिचा हात धरला. या वेळी ती घाबरली नाही.

हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही विचारलं नाहीत आणि मला बोलवेना. आपण दोघं एकाच घरात तिच्यासाठी वेगवेगळे रडत राहिलो. मला आई नाही, बाबा, आणि तुम्हीही सारखे स्टँडवर असता.

फोन येत राहतील. चांगल्या मनाची माणसं आहेत, त्यांच्यावर चिडू नका. त्यांना एवढंच सांगा, की ती सापडली, तिच्या मुलीने पाहिलं. मग त्यांचा फोन ठेवा आणि मला लावा. माझी लाइन मोकळी आहे.

जी तिथे होती, जिने डोळ्यांनी पाहिलं, ती
तुमची मुलगी