तिसऱ्यांचं पाणी

१ नोव्हेंबर, शनिवार
आजची ताजी बातमी: मी आता नागपूरकर आहे. दुजोरा घरमालकीण इंदूबाईंचा. विमा कंपनीतल्या माझ्या बदलीचा कागद त्यांनी वाचलाही नाही. लकडगंजमधल्या त्यांच्या मागच्या खोलीत सामान ठेवून घेतलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आजपासून नूपुर या घरची. भाडेकरू म्हटलं की त्यांना राग येतो. त्यांची मुलगी प्रीती हैदराबादला असते, वर्षातून एकदा येते. तिच्या ताटात मला वाढलं. काहून इतकी वाळली वं, तुमच्या कोकणात पोरीले जेवू घालत नाहीत का, असं म्हणत तिसरी पोळी टाकली.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आर्यनदादाने गावाहून बर्फाच्या खोक्यात तिसऱ्या पाठवल्या. इंदूबाईंनी समुद्राचे शिंपले पहिल्यांदाच पाहिले. याले टरफलासकट चावतात काय, असं विचारून स्वतःच हसत सुटल्या. मग सावजी मसाल्यात असा रस्सा केला की दोघींचेही ओठ चुरचुरत राहिले. म्हणे, हे नागपूरचं स्वागत आहे.
तिसऱ्या उकडताना सुटलेलं पाणी मी गाळून फ्रीझरमध्ये ठेवलं. आमच्याकडे ते बाळंतिणीला, आजाऱ्याला देतात. आई म्हणायची, सगळी ताकद त्या पाण्यात असते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कालपासून दोघींना जुलाब. पोटात पिळवटून येतं. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. मी तोंड उघडलं, तोच इंदूबाईंनी माझा हात दाबला आणि मसाला जास्त पडला म्हणून सांगून टाकलं. डॉक्टरांनी तिखट बंद केलं. रिक्षात मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, पोरीच्या माहेरून आलेलं खाणं बाधलं, असं मी दवाखान्यात सांगू काय वं?
डोळे भरून आले. घरी येताच ते पाणी गरम करून त्यांना वाटीभर दिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
जुलाब थांबत नाहीत. इंदूबाईंना भात नको, ताक नको. तिसऱ्यांचं पाणी तेवढं घशाखाली उतरतं. आधी तू पी, मग मी, असा हट्ट. म्हणून मीही दोन घोट घेते. ओठ पुन्हा चुरचुरले.
पाण्यात मसाला नव्हता.

८ नोव्हेंबर, शनिवार
इंदूबाईंच्या हातून वाटी निसटते. बोटांना मुंग्या येतात. अशक्तपणा असेल. प्रीतीला कळवलं, उद्या सकाळच्या गाडीने येते. उरलेलं पाणी आटवून दाट केलं, म्हणजे थोड्यात जास्त ताकद. एक वाटी माह्या प्रीतीसाठी ठेवजो, म्हणाल्या. झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली, वर चिठ्ठी चिकटवली: प्रीतीसाठी.

९ नोव्हेंबर, रविवार
साडेआठला दोघी प्यायलो.
नऊला दादाचा फोन. रडत होता. खाडीचं पाणी तांबडं झालं होतं, तिसऱ्या काढू नका म्हणून मत्स्य खात्याचे लोक गावात सांगून गेले होते. त्याला वाटलं, उकळल्यावर काय उरतं. शेजारच्या वाडीत दोन माणसं गेली. तांबड्या पाण्यातलं विष तिसऱ्यांत साठतं, ते उकळून जात नाही. पाण्यात उतरतं.
मीच पाजलं. वाटी वाटी करून, फुंकर घालून.

साडेनऊ. ॲम्ब्युलन्सला फोन केला. जीभ वळेना. पलीकडच्या माणसाने पत्ता तीनदा विचारला, मग फोन ठेवला. कळला की नाही — फोन हातातून पडला, पलंगाखाली गेला. पाय उचलत नाहीत.

डॉक्टरांसाठी लिहिते. तिसऱ्या खाल्ल्या होत्या. मसाला नाही. मी तेव्हाच बोलायला —

इंदूबाईंचा श्वास हळू. खूप हळू. हात माझ्या हातात आहे, दोघींनाही कळत नाही. माझ्याकडे बघतात. जेवली का, असंच विचारतात बहुतेक —

दहा वाजून गेले. कोणी आलं नाही. आता त्या बघत नाहीत.

प्रीतीची गाडी साडेदहाला पोचते. किल्ली आहे तिच्याकडे. प्रवासातून येईल, उपाशी — फ्रीज उघडेल — चिठ्ठी माझ्याच अक्षरात —

प्रीती, वाटीतलं पाणी पिऊ